गावच्या शिवारातली नावं नकाशावर आणायची आहेत? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

तलाठ्याच्या दप्तरात शेत म्हणजे एक गट नंबर. घरात मात्र कोणी "गट नंबर ११२ ला पाणी सोडून ये" असं म्हणत नाही. "चिंचेच्या टेकावर जाऊन ये", "बैल खालच्या मळईत बांधलेत", असंच बोलतात. ओढ्याच्या प्रत्येक वळणाला नाव असतं, डोंगराच्या प्रत्येक सोंडेला असतं, पाणंदीला असतं, एखाद्या एकट्या दगडालाही असतं. यातली बहुतेक नावं कुठल्याच नकाशावर नाहीत. ज्यांच्या तोंडी ती आहेत ती माणसं आता थकली आहेत. विहिरीला मोटर बसली, गुरं कमी झाली, डोंगरात पायी जाणं थांबलं, की पुढच्या पिढीला ती नावं लागतच नाहीत.

गेली काही वर्षं मी हे काम करतो आहे. सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ जातो तो कोणता कागद कुठे आणि कोणत्या नावाने मागायचा हे कळण्यात, आणि नंतर लोकांना प्रश्न कसा विचारायचा हे शिकण्यात. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे. महाराष्ट्रातलं कुठलंही गाव डोळ्यांसमोर ठेवून वाचा. कागदांची नावं विभागानुसार बदलतात, ती पुढे दिली आहेत.

एक नियम पहिल्यापासून पाळायचा: नाव, जागा आणि सांगणारा, ही तिन्ही एकत्र लिहिली तरच ती नोंद. नुसतं नाव लिहून आणलं, तर वर्षभराने ते तुमचं तुम्हालाच कुठे बसवायचं ते कळत नाही.

## काय काय जवळ हवं

कागद:
- गावाचा नकाशा (भूमी अभिलेख कार्यालयातून)
- भारतीय सर्वेक्षण विभागाचा त्या भागाचा स्थलदर्शक नकाशा, म्हणजे टोपोशीट
- काही जुने सातबारे आणि फेरफार, शक्यतो हस्तलिखित
- गावातल्या कोणाकडे असतील तर जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, सनदा
- गॅझेटियरमधलं तुमच्या तालुक्याचं प्रकरण

साधनं:
- जीपीएस चालणारा मोबाइल आणि नेटशिवाय चालणारं नकाशाचं अ‍ॅप (ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स)
- आवाज रेकॉर्ड करायची सोय
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पावसात, घामात शाई फुटते.
- घरी काम करायला क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर. ते येत नसेल तर मोठ्या छापील नकाशावर हातानेही सुरुवात होते.

## १. एकच गाव घ्या, आणि शीव आधी समजून घ्या

तालुका घेऊ नका. एक महसुली गाव घ्या. महसुली गाव आणि आपण ज्याला गाव म्हणतो ते बरेचदा वेगळं असतं. एका महसुली गावात पाच-सहा वाड्या असतात, आणि वाडीतला माणूस स्वतःचं गाव म्हणून वाडीचंच नाव सांगतो. उलट एकाच ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावंही असतात. बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावं असतील तर दोघांची शीव नकाशावर नीट पाहून घ्या. बोलताना लोक बुद्रुक-खुर्द गाळतात, आणि तुम्ही एका गावची नावं दुसऱ्यात टाकून मोकळे होता.

गाव धरणात गेलेलं असेल तर काम दुहेरी होतं. कोयना किंवा उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांनी आपली नावं पुनर्वसनाच्या जागी नेली. त्यामुळे एकाच नावाच्या दोन जागा होतात, एक पाण्यातली आणि एक माळावरची. दोन्ही नोंदवा, पण दोन स्वतंत्र नोंदी म्हणून. शिवारातली जुनी नावं नव्या जागी येत नाहीत. ती फक्त उठून आलेल्या माणसांच्या आठवणीत असतात, म्हणून अशा गावाला पहिलं प्राधान्य द्या.

## २. कागद गोळा करा

तालुक्याच्या ठिकाणी उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांचं कार्यालय असतं. तिथे नकलेचा अर्ज देऊन गावाच्या नकाशाची प्रत मागा. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी घरबसल्या दिसतात, पण जुन्या नकाशाच्या प्रतीवर जे असतं ते सगळं तिथे मिळेल असं धरू नका. ओढे, गाडीवाटा, विहिरी, गावठाण आणि कडेने लिहिलेली शेजारच्या गावांची नावं यांसाठी जुनी प्रतच बघावी. तिच्यावरचं प्रमाण वाचायला शिका. शंकू साखळी ३३ फुटांची. नकाशावर १ इंच = २० साखळ्या लिहिलं असेल तर कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे ६६० फूट. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीचं सगळं गणित या साखळीवर उभं आहे.

आता गट नंबरची भानगड. आपल्याकडे शेतांना नंबर पडले ते इंग्रजी अमदानीतल्या मोजणीत. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर भागातून ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. ते झाले सर्व्हे नंबर. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली अनेक गावांत एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. सगळ्या गावांत ते झालेलं नाही. तुमच्या गावात झालं असेल तर १९३० सालच्या कागदातला ४२ नंबर आणि आजचा गट ४२ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. नवख्यांची सर्वात मोठी फसगत इथे होते. भूमी अभिलेखमध्ये एकत्रीकरणाच्या वेळचा "नऊ तीन, नऊ चार"चा उतारा मागा. कर्मचाऱ्यांना याच नावाने कळतं. जुना नंबर कोणत्या गटात गेला ते त्यात सापडतं.

सातबाऱ्यावर एक रकाना आहे तो बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो: "शेताचे स्थानिक नाव". आत्ता मोबाइलवर स्वतःचा सातबारा उघडून बघा. बरेचदा तो रिकामा असतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांत मात्र तिथे नावं भरलेली सापडतात, आणि पुढे नक्कल करताना ती गळालेली असतात. म्हणून जुने, हाताने लिहिलेले उतारे मागा. अनेक जिल्ह्यांत असे जुने अभिलेख स्कॅन झाले आहेत आणि ऑनलाइनही पाहता येतात. बाकीचे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, तेव्हा अर्जावर तसं लिहा.

विभागानुसार कागद बदलतात ते असे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले जुने कागद उर्दूत निघतात. १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि सेतवार ही शेतवार नोंदींची तिथली हाताशी येणारी जुनी साधनं. नागपूरकडे जुन्या मध्य प्रांताची पद्धत होती. तिथे खसरा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. शेवटच्या दोहोंत गावाच्या वहिवाटीच्या वाटा, पाणी, चराई यांचे हक्क लिहिलेले असतात, त्यामुळे ओढ्या-नाल्यांचा आणि वाटांचा शोध घ्यायला ते फार उपयोगी. देशावर आणि कोकणात जुनं हवं असेल तर मोडीला पर्याय नाही.

मोडीतला खजिना खरोखर मोठा आहे. नंबर पडण्याआधी शेत ओळखलं जाई ते थळाच्या, म्हणजे शिवारातल्या त्या तुकड्याच्या, नावाने, आणि गावातली थळं ओळीने लिहिलेली कागदपत्रं, थळझाडे, आजही आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही दप्तरं आहेत. मोडी येत नसेल तर वर्ग लावा किंवा वाचणारा गाठा. मात्र वाचणाऱ्याला आधी गावात ऐकलेल्या नावांची यादी देऊन ठेवा. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. ओळखीचं नाव डोक्यात असेल तर ते कागदात पटकन दिसतं. फक्त इतकं सांभाळा, की यादीत आहे म्हणून ते कागदात दिसायलाच हवं असा आग्रह धरू नका.

टोपोशीटचं थोडक्यात सांगतो. जुन्या क्रमांकपद्धतीत महाराष्ट्राचा बराच भाग ४६, ४७, ५५, ५६ या मोठ्या चौकोनांत येतो. प्रत्येकाचे अक्षरांनी सोळा भाग, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा आकड्यांनी सोळा. शेवटचा भाग म्हणजे १:५०,००० चं एक पत्रक. ४७ एफ/१४ या पत्रकावर पुण्याचा परिसर आहे. २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी ओपन सिरीज निघाली, तिचे क्रमांक वेगळे. ती सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. नकाशाच्या समासात सर्वेक्षणाचं साल असतं, ते वहीत लिहिल्याशिवाय त्या नकाशातलं एकही नाव उतरवू नका.

## ३. नोंदवही आखा

आयर्लंडमध्ये १८२४ पासून ऑर्डनन्स सर्व्हेने सगळ्या देशाचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा केला. त्या वेळी नावांसाठी वेगळ्या वह्या ठेवल्या होत्या. एकेका नावापुढे सापडलेली सगळी रूपं, प्रत्येक रूपाला आधार कोणाचा, जागा कुठे, आणि नकाशासाठी शेवटी ठरलेलं रूप, अशी मांडणी. जॉन ओ'डोनोव्हनसारखा जुन्या आयरिशचा जाणकार गावोगाव जाऊन ती रूपं तपासत होता. शेवटी नकाशावर इंग्रजी वळणाची नावं छापली गेली याबद्दल तिथल्या लोकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण वह्या टिकल्यामुळे आयरिश रूपं आजही सापडतात. नकाशा चुकला तरी वही वाचवते, हे त्यातून घ्यायचं.

मी वापरतो ते रकाने:

१. नोंद क्रमांक
२. नाव, जसं ऐकलं तसं
३. प्रमाण लेखनातलं रूप
४. इतर रूपं (कागदातली, शेजारच्या गावची, जुनी)
५. कशाचं नाव: शेत, माळ, ओढा, डोह, खिंड, वाट, झाड, दगड, देवस्थान
६. जागा: अक्षांश-रेखांश, गट नंबर, आणि शब्दांत वर्णन
७. कोणी सांगितलं, कोणत्या वाडीचे, अंदाजे वय
८. तारीख
९. कागदाचा आधार, सालासकट
१०. गावात याबद्दल काय सांगतात

रकाना दोन आणि तीन कधीही एक करू नका. नाव शुद्ध करण्याची खाज सुशिक्षित माणसाला फार असते. "वढा" ऐकलं की हात आपोआप "ओढा" लिहितो. आधी ऐकलेलं लिहा, मग पुढच्या रकान्यात काय ते.

## ४. कोणाला विचारायचं

सरपंच, पोलीस पाटील यांना आधी भेटा. परवानगी म्हणून नव्हे, रीत म्हणून. मोबाइल हातात घेऊन बांधाबांधाने फिरणारा परका माणूस म्हटलं की लोकांना रस्ता, धरण किंवा कंपनी आठवते, आणि तोंडं मिटतात. मी का आलो, या वहीचं काय होणार, हे चार माणसांत स्पष्ट सांगून टाका.

पण चावडीवर बसून यादी करू नका. चावडीवर बोलणारे ठरावीक असतात. गुरं राखणारे, धनगर, डोंगराच्या कडेचे ठाकर, कातकरी, महादेव कोळी, नदीकाठी मासे धरणारे, यांच्याकडे नावांचा साठा सगळ्यात दाट असतो. बायकांना विचारल्याशिवाय पाणवठे आणि सरपणाच्या वाटा पुऱ्या होत नाहीत. शिवाय सासर-माहेर मिळून दोन शिवारं त्यांना ठाऊक असतात. पूर्वी दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महारांची साक्ष महत्त्वाची मानत, कारण शीव राखणं आणि दाखवणं त्यांच्याकडे होतं. आज त्या वस्तीत कोणी विचारायला जात नाही, आणि मग शिवेच्या दगडांची नावं यादीत नसतात. वस्तीवस्तीत जा.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "या जागेचं नाव काय?" विचारलंत की आजोबा म्हणतात, "नाव कसलं, माळ हाय." त्यापेक्षा विचारा:

- "मामा, लहानपणी गुरं कुठं कुठं न्यायचा?"
- "आजी, उन्हाळ्यात विहीर आटली की पाणी कुठनं आणायचा?"
- "बाबा, रात्री कुठनं जायला भ्यायचं?"
- "हा ओढा कुठनं निघतो, मधी काय काय लागतं?"

शेवटच्या प्रश्नाला एका म्हाताऱ्या मेंढक्याने मला जे उत्तर दिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. तो बसल्या जागी मातीत काठीने ओढा काढत गेला. वर डोंगरात त्याचं नाव एक, खिंडीतून बाहेर पडला की दुसरं, देवीच्या राईपाशी तिसरं, आणि गावाजवळ नुसता "व्हळ". प्रत्येक नावाबरोबर काठी थांबत होती, आणि तिथे काय आहे ते तो सांगत होता: कातळात रांजणखळगा, मग आंब्याचं झाड (आता नाही), मग मेंढरं धुवायचा डोह. टोपोशीटवर त्या सगळ्या लांबीला एकच निळी रेघ आहे आणि तिला नाव नाही. ओढ्याला एक नाव शोधायला जाऊ नका. तुकड्यातुकड्याने विचारा.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर विचारूनच करा, आणि त्या माणसाचं नाव नकाशावर किंवा इंटरनेटवर टाकणार नाही हे आधी सांगा. सांगणाऱ्याचं नाव तुमच्या वहीत राहील. बाहेर "वरची वाडी, वय पंचाहत्तरच्या पुढे" एवढं पुरतं.

## ५. शिवारफेरी

बसून केलेली यादी अर्धीच. उरलेली चालताना निघते, कारण बऱ्याच जागा समोर आल्यावरच आठवतात. पिकं निघाल्यावर, माघ ते चैत्र हा काळ उत्तम. गवत वाळलेलं, वाटा मोकळ्या, लांबवर दिसतं. पावसाळ्यात एकदा वेगळं जा, फक्त पाण्याच्या नावांसाठी.

दोन सांगणारे सोबत असले तर बरं, मात्र नातेवाईक नकोत. एकाच घरातले एकमेकांना दुजोरा देतात. जिथे थांबाल तिथे जीपीएसची खूण करा आणि खुणेला नोंदवहीतला क्रमांक द्या, नाव टाइप करत बसू नका. अक्षांश-रेखांशाचे पाच दशांश पुरतात, तेवढ्याने मीटरभराची नेमकी जागा लिहिता येते आणि मोबाइलची अचूकता त्याहून कमीच असते. माळ, दरा, थळ हे बिंदू नसतात. तिथे "कुठपासून कुठपर्यंत?" विचारा आणि दोन-चार टोकांवर खुणा करा. लोक हद्द सांगतात ती अशी: "त्या बांधापास्नं खाली व्हळापतोर." तेच वाक्य वहीत लिहा.

शेवटी तीन गावांच्या शिवा मिळतात त्या दगडापर्यंत नक्की जा. तिथे उभं राहून शेजारच्या गावच्या माणसाला विचारा. एका डोंगराला या बाजूने एक नाव आणि त्या बाजूने दुसरं असणं हे नेहमीचं आहे. दोन्ही खरी.

## ६. लिहिताना

लोक नाव सुटं सांगत नाहीत, प्रत्ययासकट सांगतात: "वाघदऱ्यात", "टाक्यावर", "सोंडेला". त्यावरून मूळ नाव काढताना घाई झाली की चूक होते. "टाक्यावर" हे "टाकं"चं असू शकतं आणि "टाका"चंही. "टाकी" असती तर "टाकीवर" म्हणाले असते. अशा वेळी वाक्य फिरवून विचारा: "तिथं काय आहे म्हणता?" मग नाव प्रथमेत येतं.

रोमन लिपीतून आलेल्या नावांवर विश्वास ठेवू नका. जुन्या टोपोशीटवर ल आणि ळ, द आणि ड, त आणि ट यांत फरक दिसत नाही. अ आणि आ तर बेभरवशाचे. मग कोणीतरी तेच रोमन परत देवनागरीत आणतं आणि जुन्नर तालुक्यातल्या आळ्याचं "अले" होतं. ऑनलाइन नकाशांवर अशी शेकडो नावं दिसतील. रोमन रूप रकाना चारमध्ये ठेवा, पण देवनागरी रूप कायम कानावरून घ्या. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार देवनागरीत वेगळे दिसत नाहीत, त्यासाठी रेकॉर्डिंग जपा.

एकच शब्द ठिकाणानुसार वेगळी गोष्ट दाखवतो. कोकणात "कोंड" ही वस्तीही असते आणि नदीतलं खोल पाणीही. म्हणून पाचवा रकाना, कशाचं नाव, अंदाजाने भरू नका.

## ७. अर्थ सांगण्याची घाई नको

प्रत्येक गावात नावाची गोष्ट असते. सीतेने न्हाणी केली, पांडव एक रात्र राहिले, महाराजांचा घोडा इथे थांबला. गोष्ट जरूर लिहा, रकाना दहामध्ये, "गावात सांगतात" असं म्हणून. ती गोष्ट म्हणजे नावाचा उगम असं समजून चालू नका. उगम ठरवायचा तर सगळ्यात जुनं लेखी रूप हाती हवं. यादवांच्या, शिलाहारांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावांच्या चतुःसीमा दिलेल्या असतात. त्यातलं एखादं नाव तुमच्या गावाशी जुळलं तर आनंद आहे, पण शेजारची निदान एक-दोन नावं जुळल्याशिवाय जागा पक्की धरू नका.

झाडांची, जनावरांची नावं मात्र बारकाईने गोळा करा. जिथे आज ऊस आहे तिथलं नाव "बिबट्याची जाळी" असेल, तर जमीन कशी बदलली याचा तो पुरावा आहे.

## ८. जुना कागद आजच्या जमिनीवर बसवणं

गावाचा नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये जिओरेफरन्स करा, म्हणजे त्यावरच्या काही जागा खऱ्या अक्षांश-रेखांशांना जोडा. टेकू म्हणून घ्यायच्या जागा अशा, ज्या हललेल्या नाहीत: जुनं देऊळ, बारव, ओढ्यांचा संगम, तीन शिवांचा दगड. रस्ते घेऊ नका, ते रुंद होतात, सरकतात. गावाच्या चारी टोकांना आणि मध्ये अशा खुणा हव्यात. सगळ्या एका कोपऱ्यात असतील तर उरलेला नकाशा पिळवटतो.

अक्षांश-रेखांश मोजताना पृथ्वीचा आकार कोणता धरला, तो नकाशाचा पाया. जुन्या टोपोशीटचा पाया एव्हरेस्ट आणि मोबाइलच्या जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४. सॉफ्टवेअरला हे सांगितलं नाही तर प्रत्येक खूण सरकून शेजारच्याच शेतात पडते.

खरेदीखतातल्या चतुःसीमा आता कामी येतात. "पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस भैरोबाचा माळ, पश्चिमेस ओढा" असं असतं. मालकांची नावं बदलतात, माळ आणि ओढा राहतात. अशी दोन-तीन खतं शेजारी ठेवली की थळाची जागा बरीच आवळत येते.

## ९. काय छापायचं आणि काय नाही

वहीत सगळं येतं, नकाशावर सगळं येत नाही. इथे तुमच्या विवेकाची गरज आहे.

जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नकाशावर आजचं नाव लिहा. जुनं नाव इतिहास म्हणून वहीत राहू द्या, आणि ते कुठे दाखवायचं असेल तर त्या वस्तीतल्या माणसांना विचारूनच. इथे "पण गावात तसंच म्हणतात" हे कारण चालत नाही. कोण म्हणतं आणि कोणाला ऐकावं लागतं, ते बघा.

वीरगळ, मूर्ती, जुन्या गुहा, धनाच्या गोष्टी जोडलेल्या जागा यांची नेमकी खूण जाहीर करू नका. लोक खणायला येतात. देवराईत काही जागांची नावं बाहेर सांगायची नाहीत असा संकेत असेल तर तो पाळा.

वाटांच्या बाबतीत सांभाळून. वहिवाटीच्या रस्त्यांचे दावे तहसीलदारांपुढे चालू असतात, आणि तुमचा नकाशा कोणी ना कोणी पुरावा म्हणून घेऊन जाईल. नकाशावर ठळक लिहा, की हा नावांचा नकाशा आहे, हद्दीचा किंवा हक्काचा नाही. मालकांची नावं आणि गटांच्या हद्दी त्यावर काढू नका.

दोन रूपांत वाद असेल तर ज्या वस्तीला ती जागा सगळ्यात जवळची, तिचं रूप मोठ्या अक्षरात, दुसरं कंसात. शासकीय नाव वेगळं असेल तर ते तसंच ठेवा. गावाचं अधिकृत नाव बदलायला राज्य आणि केंद्र दोघांची प्रक्रिया असते, ते आपलं काम नव्हे.

## १०. गावाला दाखवा, मग बाहेर जाऊ द्या

कच्चा नकाशा मोठ्या कागदावर छापून ग्रामपंचायतीत, शाळेत आणि प्रत्येक वस्तीच्या समाजमंदिरात लावा. शेजारी पेन्सिल बांधून ठेवा. ग्रामसभेच्या आधी लावला तर जास्त लोक बघतात. दुरुस्त्या खोडून लिहू नका, वेगळ्या रंगाने वर लिहा, आणि प्रत्येक दुरुस्ती कोणी सुचवली ते वहीत टाका. शाळेतल्या मुलांना आजी-आजोबांकडून एक-एक नाव आणायला सांगितलं तर यादीत नसलेली नावं हमखास येतात, तेव्हा शिक्षकांना यात घ्या.

त्यानंतर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून केलेल्या मोफत ऑनलाइन नकाशावर नावं चढवता येतात. तिथे मराठी नाव, जुनं नाव आणि पर्यायी नाव यांना वेगवेगळ्या जागा आहेत, सगळं एकाच ओळीत कोंबू नका. स्वतः फिरून गोळा केलेलीच नावं तिथे टाका. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उचललेलं तिथे चालत नाही.

मूळ वहीची स्कॅन प्रत, रेकॉर्डिंग आणि नकाशाच्या फायली तीन ठिकाणी ठेवा: तुमच्याकडे, ग्रामपंचायतीत, आणि तालुक्यातल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात. छापलेल्या प्रत्येक नकाशावर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घाला. दुरुस्त आवृत्ती निघाली तरी आधीची फेकू नका.